कार्बनची डोंगरी सायकल : किंमत आणि मोल

सायकल ही वस्तु महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना नवी नाहीं. पुणें हें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जात असे. त्या काळीं सायकलीची निवड हा मोठासा प्रश्न नव्हता. पोलादी सांगाडा, काळा रंग, मागें कॅरिअर आणि दुकानदाराचा शब्द, एवढ्यावर व्यवहार पुरा होई. आणि तीच सायकल पुढें बापाकडून मुलाकडे जाई. आज तशाच एखाद्या घरांत कॉलेजला जाणारी मुलगी जेवतांना निराळीच मागणी पुढें करते. कार्बनच्या सांगाड्याची, रानवाटांवरील शर्यतीला नेतां येईल अशी डोंगरी सायकल तिला पाहिजे असते. किंमत विचारावी तर ती लाखाच्या वर. वडील हिशेब करूं लागतात, आजोबांना तेवढ्या पैशांत पूर्वीं काय काय आलें असतें तें आठवतें, आणि आई एवढेंच विचारते, "मोडली तर?" या तिघांपैकीं कोणाचाही प्रश्न वावगा नाहीं. त्यांचीं उत्तरें मिळण्याआधीं पैसे मोजणें मात्र शहाणपणाचें नव्हे.

ही सायकल कशासाठीं जन्मली, तें प्रथम पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील मरिन परगण्यांत टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. त्या परिसरांतील उतारांवरून जुन्या, जाड टायरांच्या सायकली खालीं पिटाळण्याचा नाद कांहीं तरुणांना लागला, आणि १९७६ सालीं त्यांनीं त्याची शर्यतच लावली. उतारावर मागच्या चाकाचा हब इतका तापे कीं, त्यांतील ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरून त्या वाटेला 'रीपॅक' हें नांव पडलें. पुढें १९९० सालीं कोलोरॅडोंतील दुरँगो येथें या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें क्रॉस-कंट्री शर्यतीला स्थान मिळालें. तेथें हॉलंडचा बार्ट ब्रेंटजेन्स व इटलीची पाओला पेत्सो यांनीं पहिलीं सुवर्णपदकें मिळविलीं. क्रॉस-कंट्री म्हणजे नुसता उतार नव्हे. चढ, उतार, दगड, झाडांचीं मुळें, चिखल हें सारें एकाच फेरींत येतें, आणि वेळेचा मोठा हिस्सा चढावर खर्च होतो. म्हणून या सायकलींत हलकेपणाला इतकें महत्त्व आलें.

हलकेपणासाठीं कार्बन आला. कार्बन म्हणजे कोळशाचेंच मूलद्रव्य. पण येथें तें तंतूंच्या रूपानें वापरतात. एडिसननें १८८० सालीं बांबूचा तंतु भाजून आपल्या दिव्यांत घातला, ती युक्ति याच कुळांतली. आजचा तंतु बहुधा पॉलिॲक्रिलोनायट्राइल नांवाच्या कृत्रिम धाग्यापासून करतात. हा धागा आधीं हवेंत दोन-तीनशें अंशांवर, व नंतर प्राणवायु नसलेल्या भट्टींत हजार अंशांहून अधिक उष्णतेवर भाजतात. तेव्हां इतर द्रव्यें निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. त्याची जाडी डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. असे तंतू चिकट राळेंत भिजवून त्यांच्या पट्ट्या साच्यांत एकावर एक बसवितात व उष्णता आणि दाब देऊन सांगाडा घडवितात. लाकूड जसें शिरांच्या दिशेनें बळकट व आडवें दुबळें, तसाच हाही प्रकार आहे. म्हणून थरांच्या दिशा फार विचारानें ठरवाव्या लागतात. पुरण तेंच असलें तरी पोळी करणाऱ्या हातावर अवलंबून असते. तेव्हां दोन सायकलींवर 'कार्बन' असें लिहिलेलें आहे, एवढ्यावरून त्या दोन्ही सारख्या ठरत नाहींत.

आतां वडिलांचा हिशेब. पाण्याच्या तुलनेंत पोलाद सुमारें ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, आणि तंतु व राळ मिळून झालेला कार्बनचा पदार्थ सुमारें १.६ पट. मागें उसळी नसलेला कार्बनचा बरा सांगाडा साधारणतः एक ते सव्वा किलो भरतो. ॲल्युमिनियमचा चांगला सांगाडा दीड ते पावणेदोन किलो. फरक अर्ध्या किलोचा. बसणाराचें वजन ६५ किलो व सायकलीचें ११ किलो धरलें, तर एकूण भार ७६ किलो झाला. त्यांत अर्धा किलो म्हणजे शेंकडा एकाहूनही कमी. साधें त्रैराशिक मांडलें असतां, एका तासाच्या खड्या चढणीवर हा लाभ चोवीस सेकंदांच्या आसपास येतो. शर्यतींत चोवीस सेकंद फार मोठे असतात. रविवारीं सकाळीं सिंहगडाची चढण चढून पिठलें-भाकरी खाऊन परतणाऱ्याला ते कळणारही नाहींत. कार्बनचा दुसरा गुण असा कीं, सांगाडा पेडलांपाशीं ताठ आणि बैठकीकडे किंचित् लवचिक असा मनाजोगा घडवितां येतो. हा लाभ खरा आहे. पण तो कारागिराच्या कौशल्याचा असतो, नुसत्या नांवाचा नसतो.

खरी फसगत होते ती येथेंच. 'कार्बन' हा शब्द गिऱ्हाइकाला भुरळ घालतो, हें विकणाराला ठाऊक असतें. मग सांगाडा कार्बनचा देऊन किंमत खालीं राखण्यासाठीं बाकीचे भाग हलक्या प्रतीचे बसविले जातात. त्यांत प्रथम पाहावा तो पुढचा उसळता चिमटा. स्वस्त चिमट्यांत पोलादी स्प्रिंग असते व त्याचें वजन अडीच किलोपर्यंत जातें. हवेच्या दाबावर चालणारा चांगला चिमटा दीड-पावणेदोन किलोचा असतो. म्हणजे कार्बनच्या सांगाड्यानें अर्धा किलो वांचविला, आणि चिमट्यानें जवळजवळ एक किलो परत लादला! शिवाय पोलादी स्प्रिंग ठराविक वजनाच्या माणसाला बेतलेली असते. पन्नास किलोच्या मुलीखालीं ती पुरती दबतच नाहीं. हवेच्या चिमट्यांत लहान पंपानें दाब कमीजास्त करून तो प्रत्येकाच्या वजनाला जुळवितां येतो. क्रॉस-कंट्रीसाठीं त्याची उसळी १०० ते १२० मिलिमीटर असली म्हणजे पुरे.

त्यानंतर चाकें आणि टायर. ट्यूब काढून आंत बुजवणीचा द्रव घालतां येईल अशा रिमा व टायर असावेत. त्यानें वजन घटतें व बारीक कांट्यांचीं भोकें आपोआप बुजतात. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे डिस्कचेच हवेत. गिअरांसंबंधीं मात्र फार हौस करूं नये. शिमानो कंपनीच्या बारा गिअरांच्या संचांत डीओर, एसएलएक्स, एक्सटी व एक्सटीआर अशा चढत्या पायऱ्या आहेत. डीओरची मागची दांतेरी चकती सहाशें ग्रॅमच्या जवळपास, तर एक्सटीआरची पावणेचारशेंच्या आसपास भरते. परंतु किंमतींतील अंतर कितीतरी मोठें आहे. गिअर बदलण्याचें मूळ काम डीओरही चोख करतें. शिवाय चेन व चकत्या झिजणाऱ्या वस्तु आहेत. त्या झिजल्यावर वरची पायरी घेतां येते. सांगाडा मात्र कोणी पुन्हां पुन्हां बदलीत नाहीं.

म्हणून सांगाडा निवडतांना तो उद्यांचे भाग स्वीकारील कीं नाहीं, तें पाहावें. चाकें २९ इंची असावींत. मागचा आंस १२ मिलिमीटर जाड व १४८ रुंद, पुढचा १५ जाड व ११० रुंद, हीं मापें प्रचलित आहेत. पेडलांचा आंस आट्यांनीं बसविलेला असेल तर उत्तम. दाबून बसविलेल्या प्रकारांत पुढें करकर होण्याच्या तक्रारी अधिक येतात. मागचा गिअर ज्या लहान कडीवर टांगलेला असतो, ती वांकणारी वस्तु आहे. २०१९ पासून तिचें एक सर्वसामान्य माप निघालें आहे. तें असल्यास बदली कडी शोधीत फिरावें लागत नाहीं. आणि हें सर्व जमलें तरी सायकल अंगाला बेताची नसेल तर व्यर्थ. सायकलीवर प्रत्यक्ष बसून, हात किती ताणले जातात व उभें राहिलें असतां मधल्या दांडीवर मोकळी जागा राहते कीं नाहीं, तें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आतां आईचा प्रश्न : मोडली तर? नीट घडविलेला कार्बनचा सांगाडा रोजच्या वापरानें सहसा थकत नाहीं. त्याचे शत्रु दोन : टोंकदार वस्तूचा आडवा आघात, आणि जरुरीपेक्षां अधिक आंवळलेला स्क्रू. पोलाद वांकतें, ॲल्युमिनियमला पोंचा पडतो. दोन्ही बहुधा आगाऊ सूचना देतात. कार्बनमध्यें थर आंतून सुटले तरी वरचा रंग शाबूत दिसूं शकतो. यास्तव कांहीं नियम घरांतील प्रत्येकानें पाळावेत. भागांवर आंवळण्याचें प्रमाण छापलेलें असतें, पुष्कळदां तें चार ते सहा न्यूटन-मीटर असतें. त्यासाठीं मोजणारा पान्हा, म्हणजे टॉर्क पान्हा, विकत घ्यावा. कोपऱ्यावरच्या दुकानांत नेहमींच्या पान्ह्यानें जोर लावूं देऊं नये. दुरुस्तीच्या वेळीं सायकल मधल्या दांडीला पकडून टांगूं नये. जोराची पडझड झाल्यावर रंगावरची रेघ, खालच्या दांडीची पाठ व पेडलांजवळचा भाग नीट तपासावा. नाण्यानें हलकेंच ठोकलें असतां एखाद्या जागीं आवाज बोदा येतो काय, तेंही ऐकावें. ही परीक्षा निर्णायक नव्हे. शंका आली तर जाणकाराकडे दाखवीपर्यंत सायकल चालवूं नये. हँडलाबद्दल तर अधिकच दक्षता हवी, कारण तें मोडलें कीं स्वार तोंडावर आदळतो.

याच कारणानें निनांवी कार्बन, मग तो कितीही स्वस्त असो, घरांत आणूं नये; आंतले थर दिसत नाहींत आणि जाब कोणाला विचारावा तेंही कळत नाहीं. वापरलेली सायकल घेतांना हेंही ध्यानांत ठेवावें कीं, कंपनीची हमी पुष्कळदां पहिल्या मालकापुरतीच असते.

एकंदरींत, हवेचा चिमटा, बरीं चाकें व डीओरच्या तोलाचे गिअर असलेला नामांकित कार्बन हिशेबांत बसत असेल, तर तो पैशांचें मोल देतो. तेवढे पैसे नसतील, तर तेच भाग असलेली ॲल्युमिनियमची सायकल ही स्प्रिंगच्या चिमट्याच्या कार्बनपेक्षां निश्चित सरस. तिच्यावर शर्यतीला उभें राहण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. दोन्ही बाबतींत शिरस्त्राण, पंप व पान्हा यांचे पैसे आधींच बाजूला काढून ठेवावेत. पहिल्या पावसाळ्यांत जांभ्या दगडावरून मुलीचें चाक घसरेल, तेव्हां घरच्यांना त्या खर्चाचें मोल पटेल.