खेळाडूचे वाढते वय

मूल खेळू लागते तेव्हा ते खेळाडू नसते. मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याला लागून, जाम नदीच्या पैलतीरी वसलेल्या सावरगावात शाळा सुटल्यावर पायाच्या अंगठ्याने धुळीत कबड्डीची रेषा ओढणारा आठ वर्षांचा मुलगा जिंकण्यासाठी जितका खेळतो, त्याहून अधिक तो आपल्याला दम धरता येतो, सवंगड्यांच्या पकडीतून निसटता येते, या निखळ आनंदासाठी खेळतो. आणि अंधार पडल्यावर आईची हाक आली म्हणजे कोण जिंकले याचा हिशेब न ठेवताच तो घरी परततो. हाच मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच मैदानाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. त्याला संघात निवड हवी असते, गावात नाव हवे असते, प्रशस्तिपत्र हवे असते. किंवा नेमके याच्या उलट घडते, त्याला खेळाचा एकाएकी वीट येतो आणि तो पारावर जाऊन बसतो. घरच्यांना तो आळस वाटतो, शिक्षकांना बेशिस्त वाटते. माझ्या मते ते या दोहोंपैकी काहीही नसून वाढीचाच एक अपरिहार्य भाग आहे, आणि तो न ओळखल्यामुळे आपल्याकडे जितके खेळाडू हातचे गेले असतील तितके दारिद्र्याने आणि साधनांच्या अभावानेही गेले नसतील.

प्रथम शरीराचा विचार करू. मुलींची उंची सामान्यतः बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात, आणि स्नायू व स्नायुबंध त्यांच्या मागून येतात. त्यामुळे काल ज्या चपळाईने चढाई होत होती ती आज होत नाही, पाय आपलाच असून आपला वाटत नाही, गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागते. हा विस्कळीतपणा तात्पुरता असतो, परंतु ज्याच्या अंगी तो येतो त्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. त्यातच एकाच वर्गातील दोन मुलांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर पडू शकते. लवकर मिसरूड फुटलेला मुलगा तालुक्याच्या संघात निवडला जातो आणि उशिरा वाढणारा, कदाचित अधिक कुशल असलेला मुलगा ‘अंगात दम नाही’ असा शेरा घेऊन बाहेर पडतो. हा शेरा शरीराच्या वेळापत्रकावर मारलेला असतो. मुलगा मात्र तो आपल्या योग्यतेवर मारला गेला असे समजतो आणि बहुधा आयुष्यभर तसेच समजत राहतो.

मनाचा पालटही असाच. ज्याँ कोते या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली खेळाडूंच्या घडणीचे जे टप्पे मांडले, त्यांत सहा ते बारा वर्षांचा काळ अनेक खेळ चाखून पाहण्याचा, तेरा ते पंधराचा काळ एक-दोन खेळांवर स्थिरावण्याचा आणि सोळानंतरचा काळ एका खेळाला वाहून घेण्याचा, अशी विभागणी आहे. ही विभागणी म्हणजे काही शिलालेख नव्हे. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात निष्ठा लवकर मागितली जाते. पण या विभागणीतील मर्म मला फार मोलाचे वाटते. बालपणी खेळात जो स्वच्छंद असतो तोच पुढच्या कष्टांचे भांडवल होतो; ते भांडवल दहाव्या वर्षीच खर्ची घातले, तर सोळाव्या वर्षी पहाटे पाच वाजता अंथरुणातून उठण्यासाठी मुलाजवळ काहीच उरत नाही.

आणि तरीही हे टप्पे सर्वांना लागू पडत नाहीत, हे दाखवून देणारे एक चरित्र आपल्याच मराठी मुलखात घडले आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या दुष्काळी गावी १९९४ साली जन्मलेल्या अविनाश साबळे याने लहानपणी जे धावणे केले त्याला खेळ म्हणणे कठीण आहे. आईवडील शेतीबरोबर वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरांवर आणि वाहन नाही. तेव्हा तो कधी चालत, कधी धावत शाळेत जाई. त्याचे धावणे ही गरज होती, आणि गरजेचे काम मुलाला आवडले पाहिजे असा काही नियम नाही. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनच्या हिमात, राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीमच्या डोंगरांत त्याने नोकरी केली. तेथे धावणे कर्तव्य झाले. क्रॉस-कंट्री शर्यतीकडे तो वळला तो २०१५ च्या सुमारास, सहकारी जवानांच्या आग्रहाने, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, ज्या वयात आपल्याकडील कित्येक मुलांची क्रीडा-कारकीर्द संपून त्यांच्या पदकांवर धूळ साचू लागलेली असते.

त्यानंतरही वाट सरळ नव्हती. दुखापत झाली, वजन वाढले, आणि ते वाढलेले वजन उतरवून त्याला पुन्हा उभे राहावे लागले. अमरीश कुमार या सैन्यातील प्रशिक्षकांनी त्याला ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे वळवले. हा प्रकार वाचकांपैकी अनेकांनी पाहिला नसेल म्हणून सांगतो. साडेसात फेऱ्यांच्या या शर्यतीत पुरुषांना सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीचे २८ अडथळे ओलांडावे लागतात, आणि त्याखेरीज सात वेळा अशा अडथळ्यावरून झेपावे लागते ज्याच्या पलीकडे पाण्याने भरलेला खड्डा असतो. अडथळे भक्कम असतात. पाय लागला तर अडथळा पडत नाही, धावणारा पडतो. दम संपत आला असता पावलांचा हिशेब चुकू न देणे यातच या शर्यतीचे सारे कसब आहे. २०१८ साली भुवनेश्वर येथे साबळेने गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंद या वेळेने त्याला रौप्यपदक मिळाले; सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. ज्या शर्यतीत राष्ट्रकुलची सर्व पदके गेली वीस-पंचवीस वर्षे केनियाचेच धावपटू नेत आले होते, तेथे मांडव्याच्या मुलाने शिरकाव केला. पुढे २०२३ साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष हा मान, अशी त्याची चढण आहे.

मला या आकड्यांहून अधिक विचार करावासा वाटतो तो एका माणसाच्या आयुष्यात धावण्याचा अर्थ किती वेळा बदलला याचा. आधी गरज, मग हुकूम, मग कसोटी, आणि सर्वांत शेवटी, प्रौढ वयात, ज्याला आपण खेळ म्हणतो तो. म्हणजे मुलाच्या आयुष्यात खेळ कोणत्या दाराने आणि कोणत्या वयात येईल हे आपण ठरवू शकत नाही. दार मात्र उघडे ठेवू शकतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण सावरगावपासून शंभरेक किलोमीटरांवरील नागपुरात आहे. दिव्या देशमुख हिचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. घर डॉक्टर आईवडिलांचे. थोरली बहीण बॅडमिंटनकडे गेली आणि धाकटी बुद्धिबळाच्या पटापाशी बसली. २०१४ साली डर्बन येथे दहा वर्षांखालील मुलींचे आणि २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद तिने मिळवले. इतक्या लवकर विश्वविजयी ठरलेल्या मुलांपुढे पुढील सात-आठ वर्षे एक विचित्र संकट उभे असते: जग त्यांच्याकडे त्याच बालचमत्काराची मागणी करीत राहते आणि ती मुले तर मोठी होत असतात. दिव्याच्या बाबतीत या वाढण्याला आणखी एक कंगोरा होता. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील वाईक आन झे येथील स्पर्धेनंतर, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षकांचे लक्ष तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवर अधिक असते. लहान मुलगी असताना पटावर तिच्यापुढे केवळ प्रतिस्पर्धी होता. तरुणी होताच प्रेक्षकही पटावर येऊन बसले. हे बोलून दाखविण्याचे धैर्य मी तिच्या कोणत्याही डावाइतकेच मोठे मानतो, कारण आपल्या गावोगावच्या कितीतरी मुली हेच कारण मनात ठेवून, एक शब्दही न बोलता, तेराव्या-चौदाव्या वर्षी खो-खोचे मैदान कायमचे सोडतात.

दिव्याने सोडले नाही. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगर येथे ती वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली, सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाबरोबर सुवर्ण घेऊन आली, आणि २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे अंतिम सामन्यात, आपल्याहून अठरा वर्षांनी मोठ्या असलेल्या कोनेरू हंपी यांना जलद डावात हरवून तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या विजयानेच तिला ग्रँडमास्टर ही पदवीही प्राप्त झाली; हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची ती चौथी भारतीय महिला. डाव संपताच आईच्या मिठीत तिला रडू कोसळले, ते साऱ्या जगाने पाहिले. एकोणिसाव्या वर्षी विश्वचषक जिंकूनही आईच्या खांद्यावर रडता येणे, हे त्या घराने मुलीचे बालपण पदकांच्या मोबदल्यात न विकल्याचे लक्षण मला वाटते.

आता सावरगावकडे वळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर-विदर्भात तान्हा पोळा भरतो. चिमुकली मुले लाकडी बैल सजवून घरोघर हिंडतात. त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. झेंडा काढून नेण्याचा प्रयत्न पांढुर्णेकर करतात, सावरगावकर त्यांना अडवतात. अखेर झाड चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होते. हीच गोटमार. नदीत अडवल्या गेलेल्या एका प्रेमी युगुलाची कथा तिच्या मुळाशी सांगितली जाते. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाचीही सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. जमावबंदीचे हुकूम निघाले, पोलिसांचा बंदोबस्त लागला, या शतकाच्या प्रारंभी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले. आणि जे नदीत उतरतात त्यांना तेथे काय म्हणतात? खिलाडी.

या दगडांचे समर्थन मी करीत नाही, करू शकत नाही. ही प्रथा थांबली पाहिजे असेच माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती केवळ हुकमाने थांबत नाही याचे एक कारण मला वाढत्या वयाच्या या प्रश्नात दिसते. लहानपणी गच्चीवरून पाहणारा मुलगा मिसरूड फुटताच काठावर का येतो? कारण त्या वयात शरीराला जोखीम हवी असते, मनाला गावाची नजर हवी असते, आणि आपण अमुक काठाचे आहोत ही भावना हाडामांसात भिनत असते. कबड्डी हे सारे देऊ शकते. पण शाळेचे मैदान शाळेबरोबर सुटते. १९५६ साली हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिल्यापासून खेळाडूची वाट छिंदवाडा, जबलपूर, भोपाळ अशा परक्या वाटणाऱ्या शहरांतून जाते, तर त्याची सोयरिक, बाजार आणि आदर्श नागपुरात असतात. ज्या तरुणाला वर्षातील ३६४ दिवस कोणी खेळाडू म्हणत नाही, त्याला एक दिवस सारे गाव खिलाडी म्हणते. त्या एका दिवसाचे आकर्षण किती प्रबळ असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या येतात, अधिकारी येतात, अंदाजपत्रकात क्रीडा नावाचा रकाना येतो. त्या रकान्यातून भव्य क्रीडासंकुल उभे राहीपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. सावरगाव, पांढुर्णा आणि सौंसर येथील सुजाण नागरिकांना माझी विनंती एवढीच आहे: शाळेच्या मैदानाचे फाटक शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठीही संध्याकाळी उघडे ठेवावे, त्यातील एक तास केवळ मुलींचा राखून ठेवावा, तेथे विजेच्या दिव्यांची सोय करावी, आणि हा ठराव येत्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेच्या बैठकीत, पोळ्याच्या आधी, कोणीतरी उभे राहून मांडावा.