चलनी नोटेची सुरक्षा आणि स्पर्शाची कसोटी

चलनी नोट हा वस्तुतः कागदाचा एक तुकडा होय. त्यास मूल्य प्राप्त होते ते स्वीकारणाऱ्याच्या विश्वासामुळे. हा विश्वास टिकावयाचा तर नोट हाती पडताच दोन प्रश्नांचा उलगडा झाला पाहिजे : ती किती रुपयांची आहे, आणि ती खरी आहे काय? पहिला प्रश्न ओळखीचा, तर दुसरा प्रामाण्याचा. नोटेच्या रचनेचा विचार करताना हे दोन्ही प्रश्न एकत्र घेणे अगत्याचे ठरते.

भारतात 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या पहिल्या मालिकेच्या बनावट नोटा इतक्या निघाल्या की, 1867 मध्ये तिच्या जागी नवी मालिका आणावी लागली. या नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात. नाशिक रोड येथील चलार्थ पत्र मुद्रणालयात 1928 मध्ये छपाईस प्रारंभ झाला आणि 1932 पर्यंत सर्व मूल्यांच्या भारतीय नोटा तेथेच छापल्या जाऊ लागल्या. जलचिन्हात बदल, गुंतागुंतीची चित्ररचना व बहुरंगी छपाई हे त्या काळातील सुरक्षेचे प्रमुख उपाय होत.

आजच्या 500 रुपयांच्या नोटेवर जलचिन्ह आहे, तिरपी धरली असता हिरव्याचा निळा होणारा धागा आहे, सूक्ष्माक्षरे आहेत, आणि डावीकडून उजवीकडे आकाराने वाढत जाणारे क्रमांकाचे आकडेही आहेत. तथापि या सर्व खुणांस प्रकाश हवा आणि डोळे हवेत. याला अपवाद इंटाग्लिओ मुद्रणाचा. या पद्धतीत धातूच्या पट्टीवर रेषा खोल कोरतात. पट्टीचा पृष्ठभाग पुसल्यावर शाई केवळ खाचांत उरते. मग प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत शिरतो आणि शाईचा थर उंचावलेला राहतो. साध्या छपाईने किंवा छायाप्रतीने हा उठाव साधत नाही. म्हणून बोटांना लागणारी रेषा ही ओळख आणि प्रामाण्य या दोहोंची खूण ठरते.

1996 च्या महात्मा गांधी मालिकेत या तत्त्वाचा अंधांसाठी जाणीवपूर्वक उपयोग करण्यात आला : शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. शिवाय 50, 100 व 500 च्या नोटांची लांबी अनुक्रमे 147, 157 व 167 मि.मी. होती; म्हणजे लगतच्या दोन नोटांत 10 मि.मी. चे अंतर होते. 2016 पासून आलेल्या नव्या मालिकेत 100, 200 व 500 च्या नोटा 142, 146 व 150 मि.मी. लांब असून सर्वांची रुंदी 66 मि.मी. आहे. अंतर 4 मि.मी. वर आले. कडेला उठावदार तिरप्या रेषांची भर पडली खरी. परंतु 100 व 200 या दोहोंवर त्या चारच आहेत, आणि दोनशेच्या नोटेवरील रेषांमधील दोन वर्तुळांनीच काय तो भेद होतो. वापराने उठाव झिजला की हा भेदही मंदावतो. 10, 20 व 50 च्या नव्या नोटांवर तर अंधांसाठी अशी उठावदार खूण नाही.

नव्या नोटा व नाणी ओळखण्यातील या अडचणींविषयी नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची याचिका 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. 1 जानेवारी 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे मोबाइल ॲप उपलब्ध केले. ते नोटेचे मूल्य बोलून सांगते. नोट खरी की बनावट हे मात्र सांगत नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राने मिळते, दुसरा अनुत्तरितच राहतो.

या संदर्भात जपानचे उदाहरण उद्बोधक आहे. 3 जुलै 2024 रोजी तेथे आलेल्या 10,000, 5,000 व 1,000 येनच्या नोटांची लांबी 160, 156 व 150 मि.मी. आहे. तेथेही अंतर अल्पच. परंतु तिरप्या उठावदार रेषांची एकच खूण प्रत्येक मूल्याच्या नोटेवर निराळ्या ठिकाणी योजिली आहे. बोटाला आकृती उलगडावी लागत नाही. खूण कोठे लागली एवढे कळले की पुरे.

यावरून असे दिसते की, नोटेचा आकार लहान करणे हा स्वतः दोष नव्हे. आकाराने दिलेली ओळख काढून घेतल्यावर तिच्या जागी तितकीच सुलभ खूण न देणे हा दोष होय. व्यवहारात नोट स्वीकारणारा प्रत्येक नागरिक तिचा परीक्षक असतो. त्यांपैकी काहींना ही परीक्षा दुसऱ्याच्या डोळ्यांनी करावी लागत असेल, तर त्या नोटेची सुरक्षा तेवढ्या अंशी अपुरीच म्हटली पाहिजे.