कोण गेलं, कोण आलं... आणि विदर्भाचं काय?

रणजी ट्रॉफीचा सीझन जवळ आला की होस्टेलवर एक वाद ठरलेला असतो. यंदा विदर्भ नॉकआउट गाठणार की नाही? 2025 मध्ये करुण नायर कर्नाटकात परत गेला आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला, तेव्हा तर मेसमध्ये पोळ्या गार झाल्या पण वाद काही थांबला नाही. "गेले ना दोघं, आता संपलं!" हा एक पक्ष. "बाहेरच्यांच्या जिवावर जिंकण्यात काय मजा?" हा दुसरा. वाशिम विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्याच हद्दीत येतं, म्हणजे टीम आपलीच. मग इंजिनिअरिंगवाल्यांनी हा प्रॉब्लेम पद्धतशीर सोडवायला काय हरकत आहे?

आधी 'गिव्हन डेटा'. लीग सामना सरळ जिंकला तर 6 गुण, डावाने किंवा दहा विकेट्सनी जिंकला तर 1 बोनस. ड्रॉ झाला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि दुसऱ्याला 1. म्हणजे आघाडीचे दोन ड्रॉ बरोबर एक विजय! आणि सरळ विजयासाठी बहुतेक वेळा समोरच्याचे वीस गडी बाद करावे लागतात. म्हणून कोणी टीम सोडली की पहिला प्रश्न : तो बॅट्समन होता की बोलर? दुसरा प्रश्न : त्याच्या जागेसाठी मागे रांगेत कोण उभं आहे?

आता हे 2017-18 ला लावून पाहू. त्या वर्षी विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. वासिम जाफर मुंबईहून आलेला, गणेश सतीश कर्नाटकातून, कोच चंद्रकांत पंडितही मुंबईचे. तेव्हा 'उसनी ट्रॉफी' म्हणणारे कमी नव्हते. पण टीममध्ये सर्वांत जास्त रन्स (912) कॅप्टन फैझ फझलचे, तो नागपूरचा. 39 विकेट्स रजनीश गुरबानीच्या. सेमीफायनलमध्ये कर्नाटकला फक्त 5 रन्सनी हरवलं, त्यात त्याच्या 12 विकेट्स, आणि दिल्लीविरुद्धच्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक! हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअर आहे बरं का. (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) मग जाफरने काही केलंच नाही का? केलं की! 2018-19 मध्ये पुन्हा ट्रॉफी आली, तेव्हा त्याचे रन्स होते 1037. पण त्या फायनलमध्ये 11 विकेट्स काढल्या त्या घरच्या आदित्य सरवटेने.

खरी परीक्षा 2024-25 ची. सीझनच्या आधी सरवटे केरळला आणि गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. दोघंही बोलर! पहिल्या प्रश्नाप्रमाणे पेपर अवघड होता. पण रांगेत हर्ष दुबे उभा होता, सरवटेसारखाच डावखुरा स्पिनर. जागा रिकामी झाली आणि पठ्ठ्याने त्या सीझनमध्ये 69 विकेट्स काढल्या. बिहारच्या आशुतोष अमनचा 68 चा रेकॉर्ड मोडला. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं वाईट उत्तर दुसऱ्या प्रश्नाने भरून काढलं.

गंमत म्हणजे नागपूरला फायनलमध्ये समोर केरळ, आणि केरळकडून 79 रन्स करणारा कोण? आपलाच सरवटे! विदर्भ 379, केरळ 342. सामना ड्रॉ झाला आणि 37 रन्सच्या आघाडीवर ट्रॉफी आपली. आता बाहेरच्यांना नावं ठेवणाऱ्यांनी जरा वजाबाकी करावी. त्या 379 मध्ये करुणचे 86 होते, दुसऱ्या डावात वर 135. पण त्याच 379 मध्ये घरच्या दानिश मालेवारचे 153 सुद्धा होते, आणि पूर्ण सीझनमध्ये करुणच्या 863 पेक्षा यश राठोडचे 960 जास्त होते.

माझं म्हणणं एवढंच, की पाहुणा खेळाडू भिंतीतली फट बुजवतो, भिंत घरचीच लागते. बाहेरचे जास्तीत जास्त तीन घेता येतात, उरलेल्या आठ जणांचं काय? म्हणून कोण गेलं याच्या बातम्या वाचून हळहळण्यापेक्षा 23 वर्षांखालच्या सी. के. नायडू ट्रॉफीचे स्कोअरकार्ड वाचा. पुढचा हर्ष दुबे तिथे सापडेल.

आणि गेलेल्यांना 'गद्दार' म्हणणाऱ्यांनो, कॅम्पस इंटरव्ह्यू झाला की आपल्यातले किती जण वाशिमला राहणार आहेत? पुणे-बंगलोरची ऑफर आली की आपणही बॅग भरणारच ना! सरवटेही आधी आपल्याला ट्रॉफी देऊन मगच गेला. आपल्या मागे रांगेत कोण तयार होतंय, हे ज्युनिअर्सना लॅबमध्ये दोन गोष्टी शिकवताना आपणही बघावं. टीम अशीच टिकते, मग ती जामठ्याची असो की आपल्या डिपार्टमेंटची!