छात्रालयातले साने गुरुजी

साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं. एखाद्याने खोली पसरून ठेवली, तर गुरुजी रागावत नसत. स्वतःच केर काढत, अंथरुणाची घडी घालत. पोरं ओशाळत आणि झाडू हाती घेत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिकही काढत. रोज! घरापासून दूर आलेल्या पोराला कोणीतरी विचारतंय, हा केवढा आधार.

आजचे समुपदेशक पालकांना वेगळं काय सांगतात? ‘किती मार्क पडले?’च्या आधी ‘डबा कोणासोबत खाल्लास?’ हे विचारा.

शाळेचं नाव काढताच मुलाचं पोट दुखतं, झोप उडते, असं दोनेक आठवडे चाललं, तर 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक फिरवावा. मराठीत बोलता येतं. आईबापांनी स्वतःसाठी फिरवला तरी चालतो.