दूरस्थ संगणकप्रवेश : मांडणी आणि दोषशोधन

एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक जणू आपल्या समोरच आहे अशा रीतीने चालविणे, यास दूरस्थ संगणकप्रवेश म्हणता येईल. व्यवहारात 'रिमोट डेस्कटॉप' हे नाव त्यास रूढ झालेले आहे. हे साधन कसे चालते, ते कसे मांडावे, बंद पडल्यास दोष कोठे शोधावा आणि त्यापासून धोके कोणते संभवतात, या चार प्रश्नांचा प्रस्तुत लेखात क्रमाने विचार करावयाचा आहे.

या विचारास तळवड्याचा संदर्भ घेणे उपयुक्त ठरेल. इंद्रायणीच्या काठी, देहूच्या शेजारी वसलेले हे गाव पुढे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. येथे एका अंगास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे सॉफ्टवेअर उद्यान आहे, दुसऱ्या अंगास लहान कारखान्यांच्या शेड आहेत, आणि नदीपलीकडे चाकणची वाहनउद्योगाची वसाहत पसरली आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्यांतील काम घरोघरी गेले. दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात घरून काम करण्यासंबंधीच्या अटी शिथिल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते नियम अधिक सुलभ केले. मोठ्या कंपन्यांपाशी या कामासाठी स्वतंत्र तज्ज्ञवर्ग असतो. परंतु दहा-वीस कामगारांच्या कारखान्यात जमाखर्चाचा एकच संगणक असतो, आणि तो दुरून चालविण्याची सोय मालकाने वा हिशेबनिसाने ऐकीव माहितीवर केलेली असते. प्रस्तुत विवेचन मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे.

१. तत्त्व

दूरच्या संगणकावरील काम आपल्या संगणकावर येते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः काम तेथेच चालते. इकडून जातात ते कळफलकाचे आणि माउसचे संकेत. तिकडून येते ते केवळ पडद्याचे चित्र. तेव्हा खरा प्रश्न चित्र वाहून आणण्याचा आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा घेतला, तर एका चित्रात सुमारे २०.७ लक्ष बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस २४ बिट आणि सेकंदास ३० चित्रे धरल्यास दर सेकंदास जवळजवळ १४९ कोटी बिट पाठवावे लागतील. घरगुती जोडणीस हा भार पेलणे शक्य नाही. यास्तव पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच, आणि तोही संक्षेप करून, पाठविला जातो. हिशेबाच्या तक्त्यावर काम सुरळीत चालते, पण चलत्चित्र लावताच सर्व मंदावते, याचे कारण हेच होय.

या कल्पनेस आता बराच इतिहास आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९८४ साली 'एक्स विंडो' पद्धतीचा आरंभ झाला. केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत 'व्ही.एन.सी.' ही पद्धत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विकसित झाली. मायक्रोसॉफ्टची 'आर.डी.पी.' ही पद्धत १९९८ साली विंडोज एन.टी. ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली. शेवटच्या दोहोंतील एक भेद ध्यानात ठेवावा. व्ही.एन.सी. सामान्यतः समोरचाच पडदा दाखविते. तेथे बसलेल्या माणसास आपली प्रत्येक हालचाल दिसते. आर.डी.पी.ने साध्या विंडोज संगणकात प्रवेश केला की तेथील पडद्यास कुलूप लागते. कोणास काही शिकवावयाचे असेल तर पहिली पद्धत इष्ट, आणि एकट्याने काम करावयाचे असेल तर दुसरी.

२. मांडणी

प्रथम विंडोजची आवृत्ती पाहावी. 'होम' आवृत्तीतून दुसऱ्या संगणकात जाता येते, परंतु तिच्यात आर.डी.पी.ने कोणास येऊ देता येत नाही. त्यासाठी 'प्रो' किंवा त्यावरील आवृत्ती लागते. कित्येकांचे दिवसचे दिवस केवळ या एका बाबीच्या अज्ञानामुळे वाया जातात. त्यानंतर सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप सुरू करावा, ज्यास प्रवेश द्यावयाचा त्याच्या खात्याचे नाव परवानगीच्या यादीत घालावे, आणि त्या खात्यास पासवर्ड आहे याची खात्री करून घ्यावी. पासवर्ड नसलेल्या खात्यास दुरून प्रवेश नाकारला जातो. प्रवेशापूर्वीच ओळख तपासणारी 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' ही सोय चालू ठेवावी.

दुसरी गोष्ट विजेची. निद्रिस्त संगणक हाकेस उत्तर देत नाही. सबब निद्रेची सोय बंद करावी. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी ठेवण्याची आणि विजेची दुरुस्तीची कामे त्याच दिवशी काढण्याची प्रथा आहे. वीज परत आल्यावरही संगणक आपोआप सुरू होतोच असे नाही. बायॉसमध्ये, वीज परतताच संगणक चालू व्हावा अशी योजना बहुधा असते, ती निवडावी. राउटर व संगणक दोन्ही यू.पी.एस.वर असावेत. एकच असल्यास दुसऱ्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट पत्त्याची. कारखान्यातील संगणकाचा १९२.१६८ ने आरंभ होणारा पत्ता हा खाजगी पत्ता होय. तो इमारतीच्या आतच चालतो. बाहेरून आत येण्यास तीन मार्ग आहेत. राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट जगास खुले करणे हा पहिला. तो सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक आहे. त्याचा अवलंब करू नये. प्रथम व्ही.पी.एन.ने कचेरीच्या जाळ्यात शिरावे आणि मग आतून संगणक गाठावा, हा दुसरा मार्ग उत्तम होय. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारख्या मध्यस्थ सेवेचा तिसरा मार्ग आहे. तेथे दोन्ही संगणक स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडले जातात; म्हणून राउटरमध्ये फेरफार करावा लागत नाही.

३. दोषशोधन

दूरस्थ प्रवेश ही अनेक कड्यांची साखळी आहे. एक कडी तुटली तरी पडद्यावर संदेश येतो तो बहुधा एकच: 'जोडणी होऊ शकत नाही.' म्हणून अंदाजाने अनेक गोष्टी एकदम बदलू नयेत. दूरच्या संगणकापासून आरंभ करून एकेक कडी तपासत बाहेर यावे.

प्रथम तो संगणक जागा आहे काय, हे तेथील कोणास विचारावे. मग त्याच इमारतीतील दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करून पाहावा. आतून प्रवेश होतो व बाहेरून होत नाही, तर दोष राउटर, व्ही.पी.एन. अथवा इंटरनेट-सेवेत आहे. आतूनही होत नसेल, तर तो त्या संगणकातच आहे. या एका प्रयोगाने निम्मे क्षेत्र वगळले जाते. 'पिंग'ला उत्तर आले नाही एवढ्यावरून मात्र संगणक बंद आहे असे मानू नये. फायरवॉल पिंग अडवूनही ३३८९ खुले ठेवू शकते. त्या पोर्टचीच चाचणी घेणे योग्य.

व्ही.पी.एन. जोडला जातो, पण संगणक सापडत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. घरचे व कचेरीचे जाळे दोन्ही १९२.१६८.१ याच मालिकेतील असल्यास असे घडते; विनंती कचेरीकडे न जाता घरातच फिरत राहते. कचेरीची मालिका बदलणे हा त्यावरील कायमचा उपाय होय. व्ही.पी.एन. मुळीच जोडला जात नसेल, तर राउटरचा बाह्य पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या मालिकेत असल्यास सेवादात्याने अनेक ग्राहकांस एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. अशा वेळी स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा अथवा मध्यस्थ सेवा वापरावी.

पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जात असेल, तर तीन कारणे पाहावीत : खात्याचे नाव परवानगीच्या यादीत नाही, चुकीच्या प्रयत्नांमुळे खात्यास तात्पुरते कुलूप लागले आहे, किंवा दोन्हीकडील सुरक्षा-सुधारणा जुळत नाहीत. मे २०१८ मध्ये आलेल्या सुधारणेनंतर, एक संगणक अद्ययावत व दुसरा जुना अशी स्थिती असलेल्या असंख्य ठिकाणी जोडण्या एकाएकी बंद पडल्या होत्या. उपाय मागासलेला संगणक अद्ययावत करणे हा आहे, पुढे गेलेल्याची सुरक्षा काढून घेणे हा नव्हे. मोठ्या संस्थांत घड्याळही पाहावे. मुख्य सर्व्हरशी पाच मिनिटांहून अधिक अंतर पडल्यास ओळख नाकारली जाऊ शकते.

मंदगतीची कारणे निराळी असतात. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. तळवड्याहून सुमारे सातशे किलोमीटरवरील नागपूरचा संगणक चालविताना जाण्यायेण्यास किमान ७ सहस्रांश सेकंद लागतात. ते जाणवत नाहीत. तेरा हजार किलोमीटरवरील अमेरिकेसाठी हा काळ किमान १३० सहस्रांश सेकंद होतो आणि प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक. महाग जोडणी घेऊनही तो घटत नाही, कारण तो रुंदीचा नसून अंतराचा परिणाम आहे. रंगांची खोली, पार्श्वचित्र व पडद्याचा आकार कमी केल्यास चित्राचा भार घटतो. अंतर तेवढेच राहते.

मराठी टंकलेखन करणारांस आणखी एक अडचण येते. आर.डी.पी. सामान्यतः दाबलेल्या कळीचा क्रमांक पाठविते आणि अक्षर कोणते हे दूरचा संगणक ठरवितो. म्हणून मराठी कळफलक तिकडे बसविलेला व निवडलेला असावा लागतो. व्ही.एन.सी. मात्र अक्षराचीच खूण पाठविते. दोन्हीकडे एकाच वेळी मराठी निवडल्यास अक्षरे विस्कटण्याचा संभव आहे. इकडे इंग्रजी व तिकडे मराठी ठेवणे हा सामान्यतः सुरक्षित नियम होय.

४. धोके

खुले ठेवलेले ३३८९ पोर्ट फार काळ दृष्टीआड राहत नाही. इंटरनेटवरील पत्ते अखंड चाचपून पाहणारी स्वयंचलित साधने ते शोधून काढतात आणि पासवर्डांचा मारा सुरू होतो. पोर्टचा क्रमांक बदलल्याने हा उपद्रव कमी होतो, संपत नाही. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचा दोष उघडकीस आला. त्यात पासवर्ड नसतानाही जुन्या विंडोज संगणकाचा ताबा घेणे शक्य होते. त्याचे गांभीर्य एवढे की, आधार केव्हाच संपलेल्या विंडोज एक्स.पी.साठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती प्रसिद्ध केली. आत शिरलेला चोर फायली कुलूपबंद करून खंडणी मागतो. लहान कारखान्याच्या बाबतीत याचा अर्थ देणीघेणी, कामगारांचे पगारपत्रक आणि जॉबची रेखाचित्रे एका रात्रीत नाहीशी होणे असा आहे. म्हणून व्ही.पी.एन., द्विस्तरीय ओळख, मर्यादित अधिकारांचे खाते आणि संगणकापासून वेगळी काढून ठेवलेली प्रत, या चार गोष्टी अनिवार्य मानाव्यात.

दुसरा धोका यंत्राचा नसून विश्वासाचा आहे. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून ग्राहकास एनीडेस्कसारखे ॲप घ्यावयास लावणे व खात्यातील रक्कम काढून घेणे, या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. येथे साधनात कोणताही दोष नसतो. जो पडदा ते मदतनिसास दाखविते, तोच चोरासही दाखविते. आपण होऊन ज्यास बोलाविले नाही त्यास जोडणीचा क्रमांक सांगू नये, आणि जोडणी चालू असता बँकेचा व्यवहार करू नये. फसवणूक झालीच, तर जोडणी तत्काळ तोडून बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकास कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम वाटेतच अडविली जाण्याची शक्यता अधिक.

सारांश, दूरस्थ प्रवेश म्हणजे आपल्या कचेरीस पाडलेले आणखी एक दार होय. त्या दाराची किल्ली कोणाकोणापाशी आहे, याची लेखी नोंद प्रत्येक कारखान्याने ठेवावी, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे. एवढे पथ्य पाळण्यास खर्च काही नाही. कोणीतरी ते आपले काम मानले पाहिजे, इतकेच.