जमिनीच्या पोटात काय दडलंय?

घर घ्यायचं ठरलं की आपण काय काय पाहतो! देवघराची दिशा पाहतो, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतो, शाळा-बाजार किती लांब ते मोजतो. पण 'या जागेवर आधी काय होतं?' हे सहसा कुणी विचारत नाही. बंद कारखान्यांच्या जागी वसाहती उभ्या राहतात, तेव्हा हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हुकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जागा शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. पुढे पावसापाण्याने ते विष वर आलं आणि तळघरांत, अंगणांत पाझरू लागलं.

१९७८ मध्ये लोइस गिब्ज ही साधी गृहिणी पदर खोचून उभी राहिली. तिचा मुलगा त्याच शाळेत जात होता आणि सारखा आजारी पडत होता. तिने घरोघरी जाऊन कोणाकडे कोण आजारी, हे लिहून काढलं. 'बायकांची माहिती' म्हणून अधिकाऱ्यांनी ती उडवून लावली, पण ती हटली नाही. त्याच वर्षी आणीबाणी जाहीर झाली, शेकडो कुटुंबं हलवावी लागली. १९८० मध्ये अमेरिकेत कायदाच झाला : ज्याने घाण केली, त्यानेच ती निस्तरायची!

तरीही ते विष तिथून निघालं नाही. त्यावर चिकणमातीचं आणि प्लॅस्टिकचं झाकण घातलं, भोवती कुंपण घातलं. झिरपणारं पाणी गोळा करून शुद्ध करावं लागतं, ते वेगळंच.

लंडनने मात्र शहाणपण दाखवलं. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी निवडलेल्या जागेवर जुने कारखाने, कचऱ्याचे ढीग होते. मातीत तेल, डांबर, शिसं, आर्सेनिक होतं. बांधकामाआधी ती माती उकरली, चाळली आणि आपण तांदूळ धुतो तशी यंत्रांत चक्क धुतली! बरीचशी माती तिथेच परत वापरली. आज तिथे बाग आहे, घरं आहेत. आधी सफाई, मग बांधकाम, एवढं साधं गणित!

सातबाऱ्यावर जमीन कुणाची ते कळतं, तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. म्हणून जुन्या कारखान्याच्या जागेवर प्लॉट घेताना तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, तिथे काय बनायचं आणि सांडपाणी कुठे सोडायचे. बिल्डरकडे माती-पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा. विहिरीचं, बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. चार बायकांनी मिळून विचारलं तर उत्तर टाळणं कुणालाही जड जातं. अंगणात खेळणारी मुलं आपलीच आहेत ना?