आठ वर्षांच्या आतली चाहूल

खांदेश्वर स्थानकाभोवतीच्या वसाहतींत दुसरी-तिसरीतील मुलीला न्हाऊ घालताना एखाद्या मातेच्या हाताला छातीपाशी लहानशी गाठ लागते. ती दचकते आणि गप्प राहते. दुकानातून रात्री परतलेल्या पतीशी हा विषय कसा काढावा, सासूबाई काय म्हणतील, या विचारात महिने सरतात. येथे मोल असते ते नेमके महिन्यांनाच.

मुलीमध्ये यौवनाची लक्षणे 8 वर्षांच्या आत दिसली, तर तपासणी आवश्यक ठरते. अशी मुलगी आरंभी वर्गात सर्वांत उंच दिसते आणि घरात तिचे कौतुक होते. परंतु इस्ट्रोजेनच्या प्रभावाने हाडांची वाढ लवकर पूर्ण होते; पुढे तीच मुलगी ठेंगणी राहू शकते.

मात्र प्रत्येक गाठ म्हणजे यौवन नव्हे. कित्येक मुलींत केवळ स्तनांची किंचित वाढ होऊन ती तेथेच थांबते. हा भेद ओळखण्यास सोनोग्राफी साहाय्य करते. बालवयात गर्भाशय नळीसारखे असते, लांबी साधारणतः 3 सेंटिमीटर. संप्रेरके कार्यरत झाली की त्याचा वरचा भाग फुगतो, लांबी बहुधा साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि आतल्या अस्तराची रेघ उमटू लागते. अंडाशयाचे आकारमानही मोजले जाते. त्यात बारीक पुटिका दिसल्या म्हणून धास्तावू नये. त्या बालपणीही असतात.

तपासणी पोटावरूनच होते, क्ष-किरणांविना. मूत्राशय भरलेले लागते. म्हणून उकळलेले पाणी घरून न्यावे आणि उपवासाचा दिवस किंवा चौविहाराची वेळ टाळावी. केंद्रातील गर्भलिंगनिदानविरोधी फलक पाहून काही पालक बिचकतात. 1994 चा तो कायदा या तपासणीच्या आड येत नाही.

केवळ सोनोग्राफीवर निर्णय होत नाही. डाव्या हाताचा एक्स-रे हाडांचे वय सांगतो, रक्तातील एलएच संप्रेरक तपासले जाते, काहींना मेंदूचा एमआरआय लागतो. गरज भासल्यास दरमहा किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन यौवन थोपवतात. ते बंद केल्यावर वाढ पुन्हा सुरू होते.

परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय हार्बर मार्गाने, कुर्ल्यास गाडी बदलून गाठता येते. जाताना मुलीच्या उंचीच्या जुन्या शालेय नोंदी सोबत असाव्यात. डॉक्टर त्या प्रथम मागतात.